ओपन स्पेसवरची येळवस

येळवशीच्या दिवशी लातूर ओस पडतं. बाहेरगावचा माणूस त्या दिवशी बसस्टँडवर उतरला तर त्याला वाटावं, संचारबंदी लागली की काय. एरवी गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसते. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला मात्र शटरं खाली, रस्त्यावर कुत्री आणि सगळं शहर रानात. ज्याला रान आहे तो आपल्या रानात; ज्याला नाही तो मित्राच्या, मेव्हण्याच्या, नाहीतर मालकाच्या. ज्वारीच्या कडेला कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, पुढं अंबिलाचं मडकं, भज्जी, उंडे, खीर, धपाटे. पूजा झाली की अंबिल शिंपडत पिकातून फिरायचं, ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असं ओरडत. याचा अर्थ आमच्यात कुणी विचारत नाही. शेजारच्या गावात त्यातली दोन अक्षरं इकडची तिकडं होतात, तिथंही कुणी विचारत नाही.

पाच वर्षांपूर्वी आमच्या मागच्या कॉलनीतल्या काही लोकांनी एक उद्योग केला. कॉलनी म्हणजे एन. ए. झालेल्या रानात पाडलेले प्लॉट. लेआउटमध्ये बागेसाठी म्हणून सोडलेली एक मोकळी जागा आहे, तिला सगळे ओपन स्पेसच म्हणतात. बाग अर्थातच झालेली नाही. तिथं या लोकांनी छोट्या टेम्पोतून कडबा आणवला, कोप उभी केली, पाच दगड धुऊन चुना लावून मांडले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्रीमामा, दोन बँकेतले, एक नर्सबाई, एका शाळेतले शिपाई, नांदेडकडचे एक शिक्षक. एकाच्याही नावावर गुंठाभर रान नाही. पूजा झाल्यावर अंबिलाचं भांडं घेऊन ही मंडळी ओपन स्पेसला फेरी मारून आली. तिथं पीक कुठलं? कंबरेएवढं गाजरगवत. गाजरगवताला अंबिल पाजली, असं मी आमच्या रानात त्या दुपारी सगळ्यांना सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

आमचं हसणं कशाच्या जोरावर होतं, तर आमची येळवस ‘खरी’ या जोरावर. रान खरं, ज्वारी खरी, आजा-पणजापासून चालत आलेलं खरं. त्यांची नकली. एवढं सरळ होतं ते. पण पुढं दोन-तीन वर्षं दरवेळी ती कोप उभी राहिलेली पाहिली आणि माझं ते सरळ गणित जरा कलायला लागलं.

हा वाद आपल्याच गल्लीतला नाही. युरोपात आणि अमेरिकेत काही लाख माणसं आज स्वतःला ‘पेगन’ म्हणवतात. शब्द लॅटिन, मूळ अर्थ खेड्यातला, गावरान. शहरं ख्रिस्ती झाली आणि खेडी जुन्या देवांना धरून राहिली म्हणून तो शब्द शिवीसारखा चिकटला, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. आपल्याकडं ‘गावंढळ’ म्हणतात, तसंच थोडं. ही माणसं वर्षातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्याला सामोरी जातात, शेकोट्या पेटवतात, पेरणी-काढणीचे सण करतात. मधल्या हजार-दीड हजार वर्षांत तिकडं सगळंच तुटलं होतं. चौथ्या शतकाच्या शेवटी रोमच्या सम्राटानं जुनी देवळं आणि बळी यांवर बंदी घातली, आइसलँडनं साधारण 1000 साली सभेत ठरवून धर्म बदलला. मागं उरलं ते थोडं वाङ्मय, तेही बहुतेक ख्रिस्ती लेखकांनी लिहिलेलं, आणि उकरून निघणारे दगड. त्यामुळं आजचे पेगन जे करतात ते बरंचसं जुळवलेलं आहे. इंग्लंडात जेराल्ड गार्डनर नावाचा कस्टम खात्यातून निवृत्त झालेला माणूस होता. चेटूकविरोधी कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली त्यानं पुस्तक लिहून जाहीर केलं की, प्राचीन चेटक्यांचा धर्म गुप्तपणे जिवंत आहे आणि मला त्याची दीक्षा मिळाली आहे. त्यातून ‘विक्का’ हा पंथ उभा राहिला. वर्षाच्या आठ सणांचं त्यांचं चक्र आज फार पुरातन म्हणून सांगितलं जातं; ते त्या रूपात जुळलं गेल्या शतकाच्या मध्यावर. रोनाल्ड हटन या इतिहासकारानं 1999 साली हे सगळं कागदपत्रांनिशी मांडलं. गंमत अशी की, बऱ्याच पेगन मंडळींनी ते मान्य केलं आणि सण करणं चालू ठेवलं.

मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘हे जुनं नाही’ हे कळल्यावरही माणसं करत राहतात, तेव्हा त्यांना धरून ठेवणारी गोष्ट जुनेपणापेक्षा वेगळी असली पाहिजे. ती कोणती?

हौस, असं उत्तर पटकन येतं. शहरात कंटाळलेल्या, निसर्गापासून तुटलेल्या माणसांची हौस. यात तथ्य आहे, आणि आपल्याकडं त्याचे नमुने काही कमी नाहीत. तलवारीनं केक कापणं हा आता कुठल्याही जयंतीचा विधी झालाय. हळदीच्या कार्यक्रमाला फोटोग्राफर सांगतो तेव्हा वरमाय रडते. अशा गोष्टींना अर्थ नाही असं मी म्हणणार नाही, पण त्यांचा अर्थ फोटो अपलोड होईपर्यंतच टिकतो. तरी हौस म्हणून सोडून देण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून पाहाव्यात.

पहिली जुनेपणाचीच. मराठवाड्याला जुनेपणाचा तोटा नाही. पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या घराण्यातल्या नागनिका राणीचा लेख नाणेघाटात आहे. त्यात अश्वमेध, राजसूय असे किती यज्ञ केले, किती हजार गायी दक्षिणा दिल्या याची यादीच्या यादी आहे. जुना म्हणावा तर याच्यापेक्षा जुना, शास्त्रशुद्ध, खर्चिक विधी सापडणार नाही. आज पैठणला जाऊन कुणाला विचारा, अश्वमेधाचं काय झालं? नाथषष्ठीच्या गर्दीत तुमचा प्रश्न ऐकूही येणार नाही. तिकडं धाराशिव जिल्ह्यात तेरला त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे. त्याचा आकार मागच्या बाजूनं गोलाकार, बौद्ध चैत्यासारखा, आणि ते मुळात चैत्यगृहच असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे एकाच छताखाली एक पूजा संपली, दुसरी सुरू झाली. आजच्या भाविकाला त्यानं काही फरक पडत नाही. जुनं असणं आणि अर्थ असणं या दोन गोष्टी एकाच बैलगाडीला जुंपलेल्या नाहीत. राजाचा अश्वमेध गेला, आणि दगडाला चुना लावून पांडव म्हणणारी माणसं अजून रानात जातात.

आता वेल्सची गोष्ट सांगतो, कारण या विषयात तिच्याइतकी मला काहीच चमत्कारिक वाटत नाही. वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख, भाषा वेगळी. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या एका पाथरवटानं, जो कवीही होता आणि अफूच्या अर्काचा व्यसनीही, प्राचीन ड्रुइड पुरोहितांचे विधी सापडल्याचं सांगितलं. त्याचं खरं नाव एडवर्ड विल्यम्स. स्वतःला म्हणवायचा योलो मोर्गानूग. 1792 साली लंडनच्या एका टेकडीवर त्यानं लहान दगडांचं रिंगण मांडून कवींची सभा भरवली. 1819 साली हा सोहळा वेल्सच्या साहित्य-उत्सवाला, आइस्टेडव्हॉडला, जोडला गेला. योलोनं दिलेल्या जुन्या पोथ्यांपैकी पुष्कळ त्यानं स्वतःच लिहिलेल्या होत्या, हे विसाव्या शतकात संशोधकांनी सिद्ध केलं. म्हणजे गार्डनरच्या कितीतरी आधीची ही शुद्ध बनवाबनवी.

या उत्सवात उत्तम कवीला खुर्ची देतात. कवींनी टोपणनावानं कविता पाठवायच्या. ऐन सभेत टोपणनाव पुकारलं जातं आणि गर्दीतून विजेता उभा राहतो. मग मुख्य पुरोहित तलवार म्यानातून अर्धवट काढून तीनदा विचारतो, शांतता आहे का? आणि लोक ओरडून सांगतात, शांतता. 1917 सालच्या सप्टेंबरात बर्कनहेडला हा सोहळा भरला. पुरोहितानं टोपणनाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. कुणी उठलं नाही. तो कवी हेद विन, मेंढ्या राखणारा शेतकऱ्याचा मुलगा, पाच आठवड्यांपूर्वी, 31 जुलैला, बेल्जियमच्या चिखलात लढाईत मारला गेला होता. पुरोहितानं ते सांगितलं, आणि रिकाम्या खुर्चीवर काळं कापड पांघरलं. ती आजही ‘काळी खुर्ची’ म्हणूनच ओळखली जाते.

आता त्या मांडवात बसलेल्या कुणाला सांगून बघा, बाई, हा विधी खोटा आहे, एका अफूबाजानं सव्वाशे वर्षांपूर्वी रचलेला. ती तुमच्याकडं बघणारही नाही. ज्या सोहळ्याला नाव पुकारायची रीत होती, त्यालाच पुकारूनही कुणी न उठण्याचा अर्थ कळला. पुकारायची ती रीत एका लबाडानं बसवली असेल, पण त्या दिवशी ती त्याची राहिली नाही.

विधीचं वय वर्षांत मोजण्याची आपली सवय मला तेव्हापासून चुकीची वाटायला लागली. ते वाईट वर्षांत मोजावं. किती वाईट वर्षं या विधीनं काढली, आणि त्या वर्षी माणसं काय करत होती? सुगी चांगली असेल तेव्हा कोपीपुढं बसायला काय जातंय.

2015-16 चा दुष्काळ लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती बातमी सगळ्या देशानं पाहिली. पण त्याआधीची जानेवारीतली येळवस कुणी पाहिली नाही. आमच्या रानात त्या वर्षी ज्वारी उगवली आणि वीतभर होऊन करपली. जमीन अशी भेगाळली होती की कोपीचा खांब रोवायला पहार लागली. कडबा विकतचा. आई म्हणाली होती, ‘एवढा खर्च कशाला, नावाला नारळ फोडून या.’ वडील काही बोलले नाहीत. सकाळी उठून त्यांनी पाच दगड धुतले. दुपारी आम्ही नसलेल्या पिकातून अंबिल शिंपडत फिरलो, आणि ओरडलो तर भेगांच्या रानात आवाज कसातरीच उमटला. जेवताना वडील म्हणाले, ‘पीक नाही म्हणून पांडवाला उपाशी ठेवायचं का?’ येळवस मला कळली असं मला वाटतं ते त्या दुपारी. त्याआधीच्या तीस येळवशी मी नुसत्या खाल्ल्या होत्या.

हे लिहिताना हात थोडा थांबला. ‘नसलेल्या पिकातून’. म्हणजे आम्हीही त्या वर्षी गाजरगवतालाच अंबिल पाजली की! मी हसलो होतो तेव्हा हे कसं आठवलं नाही?

माझ्या मामाचं गाव किल्लारीच्या भूकंपपट्ट्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, जमीन हलली आणि दगडमातीच्या भिंती माणसांवर आल्या. पुढं लातूर-धाराशिव जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रान होतं तिथंच राहिलं, घरं दूर गेली. जुन्या गावात गल्ल्या वळत वळत मारुतीपाशी यायच्या. नव्या गावात सरळ रेषेत रस्ते, घरांवर नंबर, आणि मारुती कुठं बसवायचा हे बैठक घेऊन ठरलं. नव्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा माझी आजी गेलीच नाही. ‘त्यो आपला न्हाई, सरकारचा हाय,’ म्हणायची. दर शनिवारी तेलाची वाटी घेऊन पडक्या गावठाणातल्या जुन्या मारुतीकडं जायची, बाभळीतून वाट काढत. तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. त्या नव्या मूर्तीनं तोपर्यंत काहीच पाहिलं नव्हतं.

आज त्या ‘सरकारच्या’ मारुतीला तीस वर्षं होऊन गेली. शेंदराचे थर चढून चढून नाक-डोळे बुजत आलेत, मूर्तीचा गोळा व्हायला लागलाय. त्याच्यापुढं लग्नं लागली. गावातल्या एका तरण्या शेतकऱ्यानं औषध पिलं, त्याला दवाखान्यात नेताना बायकांनी याच मारुतीला साकडं घातलं. तो वाचला नाही, तरी पुढच्या शनिवारी तेल चुकलं नाही. मामाच्या नातवाला तुम्ही सांगा, हा मारुती नवीन आहे म्हणून. ‘नवीन म्हणजे?’ असं तो विचारेल. त्याच्या लेखी मारुती म्हणजे हाच.

म्हणजे सगळं काळावर सोपवा, शेंदूर चढू द्या, की झालं? नाही. इथं माझ्याच म्हणण्याला एक मोठी अडचण आहे, आणि ती वळसा घालून टाळता येत नाही. वाईट वर्षं निभावलेले सगळेच विधी सांभाळण्याजोगे नसतात. पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडे ओढत दारात येतो, त्याची बायको डोक्यावर देवी घेऊन ढोलकं वाजवते. हा विधी पुरातन आहे, त्यात भय आहे, नाट्य आहे, पटकी-देवीच्या साथींची आठवण आहे. अर्थ शोधायला बसलात तर भरपूर सापडेल. पण कोरडा कुणाच्या पाठीवर आणि सूप कुणाच्या हातात, हे शेकडो वर्षं जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. मुलीला देवीला सोडण्याचंही तेच. या विधींनी जी किंमत घेतली ती करणाऱ्यानं आपणहून दिलेली नव्हती, त्याच्याकडून वसूल केलेली होती. प्राचीन ते अर्थपूर्ण म्हणून गहिवरणाऱ्यांनी एकदा ती पाठ बघावी.

आणि म्हणूनच आपल्याकडचे सगळ्यात अर्थपूर्ण नवे विधी जुन्यांशी भांडून जन्मले. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतल्या कितीतरी ‘मी मानणार नाही’, ‘मी करणार नाही’ अशा आहेत. जुने देव हात जोडून परत करणं हाच तिथं विधी होता. यात पुरातनतेचा आधार होता, बुद्धाचा, पण मधली जवळजवळ हजार वर्षं धागा तुटलेला होता, हे घेणाऱ्यांना आणि देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तुटलेलं आहे म्हणून त्याचा अर्थ उणा झाला, असं म्हणायला कुणी धजावेल का?

मराठवाड्यातलं याहून जवळचं उदाहरण विद्यापीठाच्या गेटचं आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंना मारलं गेलं. सोळा वर्षं आंदोलन चाललं; गौतम वाघमारेंनी 1993 साली नांदेडला स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. तेव्हापासून दर 14 जानेवारीला माणसं गेटपाशी जमतात. जीप करून, एसटीनं, पायी. गेटला हात लावून तो हात कपाळाला लावतात. लहान पोरांना उचलून कमानीवरचं नाव दाखवतात. पुस्तकं विकत घेतात, डबे सोडतात, संध्याकाळी परत जातात. शहरातली बाकीची घरं त्याच दिवशी तिळगूळ वाटत असतात.

कुठल्या पोथीत हे गेट आहे? कुणी सांगितलं कपाळाला हात लावायला? कुणीच नाही. एका शिक्षणसंस्थेची सिमेंटची कमान, आणि जेमतेम तीस वर्षांचा रिवाज. पण एकदा त्या गर्दीत उभं राहून बघा. हा विधी वाईट वर्षांतच जन्मला, त्याला त्यांची वाट पाहावी लागली नाही.

मग आधुनिक पेगन कुठं उणे पडतात? माझ्या मते एका ठिकाणी. त्यांचे पुष्कळ विधी आनंदासाठी बेतलेले असतात आणि त्यांतून केव्हाही उठून जाता येतं. जुन्या विधीत सुतकात काय करायचं, विधवेनं काय करायचं, पीक बुडालं तर काय, हे सगळं ठरलेलं असतं. त्यातलं विधवेचं कलम जाळून टाकण्याच्या लायकीचं आहे हे वेगळं सांगायला नको. पण दुःखाला त्यांनी आत जागा ठेवलेली असते एवढं खरं. आणि दुसरं, न आलेल्याचा शोध घेतला जातो. येळवशीला तुम्ही गेला नाहीत तर दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘काल कुठं मेला होतास?’ ज्या विधीला न गेल्यावर असा फोन येत नाही, तो विधी कितीही जुना असो, कार्यक्रम आहे.

आइसलँडमध्ये 1972 साली एका शेतकरी कवीच्या पुढाकारानं जुन्या देवांची सभा स्थापन झाली, पुढच्या वर्षी सरकारनं तिला मान्यता दिली, आणि आज चार लाखांच्या आतल्या लोकसंख्येत तिचे पाच हजारांवर सभासद आहेत. ती लग्नं लावते, नामकरणं करते, आणि माणसं पुरतेसुद्धा. मला तिच्याबद्दल आशा वाटते ती या शेवटच्या कामामुळं. माणसाला पोचवायला जो विधी येतो त्याला शेंदूर चढायला वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियातले पेगन तर युरोपचं चक्र उलटं फिरवून घेतात. तिकडं डिसेंबरात उन्हाळा असतो म्हणून हिवाळ्याचा सण जूनमध्ये. हेही मला आवडतं. पोथीपेक्षा पायाखालच्या मातीचं ऐकलं त्यांनी. आपल्याकडं ट्रॅक्टरला झूल घालून पोळा करणाऱ्यांना नावं ठेवतात. दावणीला बैल नाही, तो माणूस दुसरं काय करील?

तर ओपन स्पेस.

गेल्या वर्षी मी मिस्त्रीमामांना सहज विचारलं, एवढा खटाटोप का करता, आमच्याकडं या की सगळे. माझ्या आवाजात औदार्य होतं, हे आता आठवलं की लाज वाटते. मामा त्या वेळी कोपीला सुतळी बांधत होते. सुतळी दातात धरून त्यांनी गाठ मारली आणि मग म्हणाले, ‘आमचा बाप चाळीस वर्षं सालगडी होता, सर. दर येळवशीला कोप त्यानंच बांधायची. दगडं त्यानंच धुवायची. पूजेला मालक बसायचा. आमाला जेवायला बलवायचे, न्हाई असं न्हाई. पोटभर वाढायचे. बांधावर.’

मी पंचवीस वर्षं वर्गात बोलतो, पण तेव्हा मला काही सुचलं नाही. येळवशीला वाटसरूलासुद्धा हाक मारून जेवू घालतात, असं आम्ही अभिमानानं सांगतो. ते खरंही आहे. पण जेवू घालायला आधी रान लागतं. ज्याला रान नाही तो जन्मभर वाटसरूच. आमच्या ‘खऱ्या’ येळवशीत मामांच्या बापाला चाळीस वर्षांत एकदाही यजमान होता आलं नाही. ते होता आलं त्याच्या पोराला, गाजरगवताच्या कडेला. जुन्या विधीला जे कधी जमलं नव्हतं ते या नकली विधीनं पहिल्याच वर्षी केलं होतं, आणि मी मात्र गवतावरून हसत होतो.

अर्थात त्यांच्या येळवशीनं अजून वाईट वर्ष पाहिलेलं नव्हतं, हेही खरं. ते यंदा आलं. ओपन स्पेसवर पत्र्याचं कुंपण पडलंय. आत व्यायामाची यंत्रं बसणार आहेत, असं फलकावर लिहिलंय. काम सुरू नाही, पण कुलूप आहे. कॉलनीत बैठक झाली, मला बोलावलं होतं. दोघांचं म्हणणं पडलं की यंदा राहू द्या. नर्सबाई म्हणाल्या, कुंपणाला लागूनच रस्त्यावर करू. मी पुन्हा तेच म्हणालो, फक्त या वेळी आवाज खाली ठेवून: आमच्या रानात करा, वेगळी कोप करा, पूजेला मामा बसतील.

मामांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग हसले. ‘तुमच्या रानात कोप माझी असली तरी मी पाव्हणाच की, सर.’

शेवटी त्यांच्या घराची गच्ची ठरली. दहा बाय पंधराची, वर पाण्याची टाकी. फेरी टाकीभोवती मारायची. हेंडगा, म्हणजे संध्याकाळी फिरवायचा पलिता, पेटवायचा नाही, शेजारी भांडतील, त्याऐवजी कंदील फिरवायचा असं शिपाईमामांनी सुचवलं, त्यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. भज्जी नर्सबाईंकडं, अंबिल मामांच्या मंडळींकडं. उंड्यांना कुणी तयार होईना.

निघताना मामा जिन्यापर्यंत आले. म्हणाले, ‘यंदा टेम्पो परवडंना. तुमच्याकडचा कडबा आणा दोन पेंढ्या. आणि जेवायला लवकर या, पंगत वेळेवर बसती आमची.’